चित्रकार ओतशाळेत : जूलिओ दा मिलानो आणि तुरीनची अक्षरे

अक्षरकलेवरील या सदरासाठी आलेल्या पत्रांमधील सहा प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. ते सारे एका चित्रकाराभोवती आणि त्याने तीन वर्षे सांभाळलेल्या एका कलाकक्षाभोवती फिरतात, म्हणून ते सलग वाचलेले बरे.

प्रश्न : जूलिओ दा मिलानो यांचा उल्लेख मला ‘इटालियन चित्रकार आणि अक्षरवळणकार’ एवढ्या एका ओळीतच सापडला. एकाच माणसाच्या नावापुढे या दोन गोष्टी कशा आल्या? आणि त्यांचे नाव इतके कमी ऐकू का येते?

उत्तर : दा मिलानो आधी चित्रकार होते आणि नंतर अक्षरवळणकार, म्हणजे छपाईच्या अक्षरांची घडण ठरवणारे, झाले. हा क्रम ध्यानात घेतला नाही, तर त्यांच्या कारकिर्दीचा अर्थ लागत नाही. त्यांचा जन्म १८९५ मध्ये नीस येथे झाला आणि १९९० मध्ये तुरीन येथे त्यांचे निधन झाले. ‘दा मिलानो’ या आडनावाचा शब्दशः अर्थ ‘मिलानचा’ असा होतो, त्यामुळे त्यांना मिलानशी जोडण्याची चूक सहज घडते. परंतु त्यांच्या अक्षरकामाचे शहर तुरीन हेच आहे. नीस त्यांच्या जन्माच्या वेळी आजच्याप्रमाणेच फ्रान्समध्ये होते, तरी १८६० पर्यंत ते सव्हॉय घराण्याच्या राज्यात मोडत असे आणि त्या राज्याची राजधानी तुरीन होती. नीसमध्ये जन्मलेल्या माणसाचे तुरीनशी नाते जडणे यात म्हणूनच फारसे नवल नाही.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तुरीन हे चित्रकारांचे शहर होते. फेलिचे काझोराती यांच्यासारखा वजनदार चित्रकार तेथे राहत होता, आणि १९२९ मध्ये ‘तुरीनचे सहाजण’ या नावाने ओळखला जाणारा गट तेथेच पुढे आला. कार्लो लेव्ही आणि जेस्सी बॉसवेल हे त्या गटात होते. त्याच वेळी हे शहर यंत्रांचेही होते. लिंगोत्तो भागात मोटारींचा एक अवाढव्य कारखाना उभा होता आणि त्याच्या छतावर नव्या गाड्या फिरवून पाहण्यासाठी धावपट्टी बांधलेली होती. चित्रकार आणि यंत्रशाळा एका शहरात इतक्या जवळ नांदत असताना दोघांची गाठ कोठेतरी पडणारच होती. दा मिलानो यांच्या बाबतीत ती नेबिओलो या ओतशाळेत, म्हणजे छपाईसाठी धातूची अक्षरे ओतणाऱ्या कारखान्यात, पडली.

नेबिओलो हे इटलीतील खिळ्यांचे, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचे, सर्वांत मोठे घराणे. जोव्हान्नी नेबिओलो यांनी १८७८ मध्ये तुरीनमधील एक ओतशाळा विकत घेतली, पुढे तिचा विस्तार होत गेला, आणि खिळ्यांच्या जोडीला छपाईची यंत्रेही तेथे तयार होऊ लागली. १९३३ मध्ये या कंपनीने ‘स्तुदिओ आर्तिस्तिको’, म्हणजे कलाकक्ष, स्थापन केला आणि त्याच्या प्रमुखपदी दा मिलानो यांना नेमले. १९३६ मध्ये ती जबाबदारी दुसऱ्याकडे गेली. त्यांच्या नावावरील ‘नेऑन’ हे अक्षरवळण १९३५ चे आहे.

नाव कमी ऐकू येण्याचे कारण मला तरी साधे वाटते. कॅनव्हासच्या कोपऱ्यात चित्रकार सही करतो, पण खिळ्यावर सही करायला जागा नसते. ओतशाळा आपले खिळे स्वतःच्या नावाने विकते, छापखाना ते वापरतो, आणि वाचणारा तर मजकूर वाचतो, अक्षर नव्हे. तीन वर्षांत पदावरून दूर झालेल्या माणसाचे नाव या व्यवस्थेत टिकलेच, तर ते नोंदीतील एका ओळीपुरतेच टिकते.

प्रश्न : पण खिळे ओतणाऱ्या कारखान्याला चित्रकाराची गरज का भासावी? अक्षरे तर कारागीर शतकानुशतके घडवत आले होते.

उत्तर : प्रश्न अगदी नेमका आहे, आणि त्याचे उत्तर कलेच्या नव्हे तर यंत्राच्या इतिहासात दडलेले आहे.

तुरीनपासून फार दूर नसलेल्या सालुत्सो या गावी १७४० मध्ये जन्मलेले जांबात्तिस्ता बोदोनी १७६८ पासून पार्मा येथील राजमुद्रणालय चालवीत होते. बोदोनी यांच्या काळी अक्षराचा जन्म पोलादाच्या दांडीच्या टोकावर होत असे. दांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ती दांडी तापवून आणि विझवून कठीण करायची, मग ती तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट मातृका तयार करायची, आणि त्या मातृकेवर साचा बसवून शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतायचा, की एक खिळा पडत असे. यातील सर्वांत अवघड काम पोलाद कोरण्याचे. पाच-सहा मिलिमीटर उंचीच्या अक्षराचे पोट कोरताना हात केसभर सरकला, तरी सारे काम वाया जाई. अशा व्यवस्थेत अक्षराची कल्पना करणारा आणि अक्षर कोरणारा यांना वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते. चित्रकाराने कितीही सुंदर अक्षर रेखाटले, तरी ते पोलादात उतरवताना कोरणाऱ्याचा हात त्यावर आपले वळण चढवीतच असे.

१८८५ मध्ये अमेरिकेत लिन बॉइड बेंटन यांनी असे ठसे (अक्षर कोरलेल्या दांड्या) कोरण्याचे पँटोग्राफ यंत्र सिद्ध केले आणि ही गाठ सुटली. मोठ्या आकारात काढलेल्या अक्षराच्या कडेवरून यंत्राचे एक टोक फिरवायचे, दुसऱ्या टोकाशी असलेले फिरते पाते तेच अक्षर धातूत लहान करून कोरते. आता अक्षर कागदावर जन्माला येऊ शकत होते, तळहाताएवढे किंवा त्याहूनही मोठे, शाईने आणि कुंचल्याने काढलेले. चित्रकाराला ओतशाळेचे दार कोणा कलाप्रेमी मालकाने उघडून दिले असे मी म्हणणार नाही. ते या यंत्राने उघडले. दा मिलानो यांची नेमणूक मला याच संदर्भात पाहावीशी वाटते.

दार उघडे असले, तरी आत बोलावण्याचे कारण वेगळे असावे लागते, आणि ते बाजाराने पुरवले. पाउल रेन्नर यांचे ‘फुटुरा’ हे वळण फ्रँकफुर्टच्या बावर ओतशाळेने १९२७ मध्ये बाजारात आणले आणि युरोपभरचे जाहिरातदार तसली अक्षरे मागू लागले. पॅरिसमध्ये डेबर्नी-पेन्यो या ओतशाळेने भित्तिपत्रके करणारे चित्रकार कासांद्र यांच्याकडून ‘बिफ्युर’ हे वळण १९२९ मध्ये करून घेतले. रेन्नर यांची जडणघडणही चित्रकाराचीच होती, हे येथे आवर्जून सांगायला हवे. इटलीत १९३३ हे वर्ष तर अनेक अंगांनी मोलाचे ठरले. मिलानच्या पाचव्या त्रिएन्नाले प्रदर्शनात नवी जर्मन मुद्रणकला मांडली गेली, अंतोनिओ बोज्जेरी यांचा जाहिरातकलेचा स्टुडिओ त्याच शहरात सुरू झाला, आणि ‘काम्पो ग्राफिको’ हे मुद्रणकलेचे मासिकही त्याच वर्षी निघाले. त्या मासिकाच्या सुरुवातीच्या सूत्रधारांपैकी आत्तिलिओ रोस्सी हेही चित्रकारच होते. अशा वर्षी इटलीतील सर्वांत मोठ्या ओतशाळेने जुन्या वळणांच्या मातृका उगाळत बसणे परवडणारे नव्हते. तिला कागदावर नवे अक्षर पाहू शकणारा माणूस हवा होता.

प्रश्न : चित्रकाराची नजर अक्षरात नेमकी कोठे दिसते? भूमितीच्या साधनांनी काढलेली अक्षरे आणि डोळ्याने जुळवलेली अक्षरे यांत फरक कसा ओळखावा?

उत्तर : या प्रश्नासाठी मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण सारी मेख येथेच आहे.

रोमन लिपीतील मोठा ‘एच’ आणि मोठा ‘ओ’ शेजारी शेजारी काढावयाचे आहेत असे समजा. दोन आडव्या रेघा आखल्या, ‘एच’चे दोन्ही उभे दांडे त्या रेघांना टेकवले आणि कंपासाने काढलेला ‘ओ’देखील तंतोतंत त्याच रेघांना टेकवला. मापाने सारे बिनचूक आहे. आता रेघा पुसून दूर उभे राहून पाहिले, तर ‘ओ’ लहान दिसतो, जणू ओळीत तो थोडा आक्रसून बसला आहे. याचे कारण असे, की ‘एच’ रेघेला आपल्या पूर्ण रुंदीच्या पायांनी टेकतो, तर वर्तुळ रेघेला एका बिंदूतच स्पर्श करते आणि लगेच दूर वळते. डोळा त्या बिंदूला उंचीचे श्रेय देत नाही. म्हणून जाणता अक्षरकार ‘ओ’ वरच्या रेघेच्या किंचित वर आणि खालच्या रेघेच्या किंचित खाली नेतो. उंचीच्या साधारण एक ते दोन टक्के. तेवढे केले, की दोन्ही अक्षरे सारख्या उंचीची दिसू लागतात, म्हणजे मापाने ती तशी नसतात म्हणूनच दिसू लागतात. ‘ए’चे टोकदार शिखरही असेच थोडे वर काढावे लागते.

जाडीचेही तसेच आहे. एकाच जाडीची उभी आणि आडवी पट्टी काढली, तर आडवी पट्टी डोळ्याला जाड भासते. त्यामुळे वरवर ‘सारख्या जाडीच्या’ दिसणाऱ्या अक्षरांतही आडव्या रेघा थोड्या बारीक केलेल्या असतात. लहान ‘एन’मध्ये कमान जेथे दांड्यातून फुटते, तेथे दोन रेघा एकत्र येऊन काळा ठिपका साचतो, तो टाळण्यासाठी कमान त्या सांध्यापाशी निमुळती करावी लागते. खिळ्यांच्या छपाईत तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण दाबामुळे शाई कडेबाहेर पसरते आणि प्रत्येक अरुंद कोपरा आणखी भरून जातो. ‘एक्स’मधील दोन तिरक्या रेघांपैकी बारीक रेघ जाड रेघेखालून सरळ नेली, तर ती मध्येच तुटल्यासारखी दिसते, ती दोन्ही बाजूंना जरा सरकवली, तरच सलग दिसते. आणि कोणतेही पुस्तक घेऊन त्यातील ‘एस’ उलटा धरून पाहावा. सुलटा असताना जी दोन पोटे सारखी वाटत होती, ती अचानक विसंगत दिसू लागतात आणि आता वर आलेले पोट जड वाटते. वरचे पोट लहान ठेवले म्हणूनच सुलटे अक्षर आपल्या पायावर उभे राहिलेले दिसते.

या साऱ्या दुरुस्त्या कंपासाला आणि मोजपट्टीला सुचत नाहीत. चित्रकाराला मात्र त्या ओळखीच्या वाटतात. रंगवताना तो रोज हेच करीत असतो : एखादा काळा डाग शेजारच्या पांढऱ्या जागेला किती ढकलतो, एखादी कड कोठे कठोर ठेवायची आणि कोठे मवाळ करायची, हे तो मापाने नव्हे तर मागे सरकून, डोळे बारीक करून ठरवतो. अक्षराच्या आतली आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा हीदेखील त्याच्या लेखी एक आकृती असते, उरलेली जागा नव्हे. अक्षराच्या मोठ्या आराखड्यावर काम करणारा माणूस काळी शाई आणि पांढरा रंग दोन्ही हाताशी ठेवतो. काळ्याने अक्षर वाढवायचे, पांढऱ्याने ते खोडायचे, आणि हा दोन रंगांचा खेळ एका कडेवर दहा-दहा वेळा चालू शकतो. चित्रकाराचा हात आणि अक्षरकाराचा हात यांत अशा वेळी मला काही अंतर दिसत नाही.

अंतर येते ते नंतर. चित्रात एक आकृती एकाच जागी एकदाच बसते. अक्षराचे तसे नाही. आज ‘ओ’च्या शेजारी ‘एच’ आहे, उद्या ‘टी’ असेल, आणि दोन्ही वेळी तो खिळा तोच राहणार. म्हणून सव्वीसांपैकी प्रत्येक अक्षर कोणत्याही शेजाऱ्यासह नांदेल असे काढावे लागते. त्यात धातूचे आणखी एक बंधन. खिळ्याचे अंग चौकोनी असते. अक्षराचा कोणताही भाग त्या चौकोनाबाहेर डोकावला, तर तो दाबाखाली मोडण्याची भीती असते. ज्या चित्रकारांना हे बंधन जाचक वाटले, ते ओतशाळेत फार काळ रमले नसतील. ज्यांना ते आव्हान वाटले, त्यांच्याकडून चांगली अक्षरे झाली.

प्रश्न : ‘नेऑन’मध्ये फक्त मोठी अक्षरेच का आहेत? देवनागरीत मोठे-लहान असा भेद नसल्यामुळे हा निर्णय नीट कळत नाही.

उत्तर : रोमन लिपीतील लहान अक्षरांना वर जाणारे दांडे आणि खाली लोंबणारी शेपटे असतात. ‘पी’ किंवा ‘जी’ यांच्या शेपटासाठी खिळ्याच्या अंगावर खाली जागा राखून ठेवावी लागते आणि ती जागा मोठ्या अक्षरांच्या ओळीत रिकामीच राहते. वळणात लहान अक्षरेच नसतील, तर मोठे अक्षर खिळ्याचे जवळजवळ संपूर्ण अंग व्यापू शकते. त्याच मापाच्या खिळ्यात अधिक मोठे अक्षर मिळते आणि मथळ्याच्या ओळी एकमेकींच्या जवळ आणता येतात. दुसरे कारण खर्चाचे. प्रत्येक मापासाठी प्रत्येक अक्षराची वेगळी मातृका करावी लागे, त्यामुळे अक्षरांची संख्या निम्म्यावर आली, की खर्चही तसाच खाली येई.

जाहिरातीच्या वळणाला हे दोन्ही फायदे पुरेसे होते. नेऑनच्या दिव्यांची नळी जॉर्ज क्लोद यांनी १९१० मध्ये पॅरिसमध्ये लोकांपुढे आणली होती, आणि १९३५ पर्यंत युरोपातील मोठ्या शहरांच्या रात्री तिने उजळून निघाल्या होत्या. ओतशाळेने आपल्या मथळ्याच्या अक्षरांना त्या दिव्याचे नाव दिले, यातच ती कोणासाठी होती हे स्पष्ट होते. याच वळणाचे छाया दिलेले रूपही निघाले. शिशाच्या सपाट अक्षराला सावली देऊन उभे करणे, ही मला तरी चित्रकारालाच सुचावी अशी गोष्ट वाटते.

प्रश्न : दा मिलानो गेल्यावर त्या कलाकक्षाचे काय झाले? आल्दो नोव्हारेझे यांचे नाव मात्र सर्वत्र दिसते. त्यांचा याच्याशी काही संबंध आहे का?

उत्तर : सरळ संबंध आहे, कारण दा मिलानो यांनी ज्या खोलीत सुरुवात केली, त्याच खोलीत नोव्हारेझे यांची उमेदवारी झाली. १९३६ मध्ये कलाकक्षाची सूत्रे आलेस्सांद्रो बुत्ती यांच्याकडे गेली. बुत्ती यांचा जन्म १८९३ चा, म्हणजे उत्तराधिकारी पूर्वसुरींपेक्षा दोन वर्षांनी वडील होते. ते अक्षररेखनातच मुरलेले होते. ‘सेम्प्लिचिता’ हे नेबिओलोचे साधे, रेघांच्या टोकांना आडव्या छेदरेघा नसलेले वळण, ज्यात ‘फुटुरा’ला इटलीने दिलेले उत्तर दिसते, त्यांच्याच नावावर आहे. त्याच १९३६ मध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा रेखाटनकार म्हणून या कक्षात दाखल झाला. तो आल्दो नोव्हारेझे. त्याचा जन्म १९२० मध्ये तुरीन ज्यात येते त्या पिएमोंते प्रांतातील पोंतेस्तूरा या गावी झाला होता आणि तुरीनच्या मुद्रणशाळेत त्याने लाकडावरील कोरीवकाम, धातूवरील आम्लरेखन व शिळाछाप यांचे धडे गिरवले होते. हेही चित्रकाराचेच शिक्षण, फक्त छापखान्याच्या दारातून आलेले.

पुढील सोळा वर्षे बुत्ती आणि नोव्हारेझे एकत्र काम करीत राहिले. ‘अथेनेउम’, ‘नॉर्मांदिया’, ‘आउगुस्तेआ’ आणि १९५२ चे ‘मिक्रोग्रामा’ या वळणांवर दोघांचीही नावे येतात. कोणती कड कोणाच्या हातची, याची वाटणी ओतशाळेचे अक्षरनमुन्यांचे पुस्तक करून देत नाही, आणि पुढे नोव्हारेझे यांची कीर्ती वाढत गेली तसतसे बुत्ती यांचे नाव मागे पडले, हे मला मनापासून खटकते. १९५२ मध्ये नोव्हारेझे कक्षाचे प्रमुख झाले. बुत्ती १९५९ मध्ये निवर्तले.

‘मिक्रोग्रामा’ जवळून पाहण्याजोगे आहे. तेही केवळ मोठ्या अक्षरांचे वळण आहे. त्याचा ‘ओ’ वर्तुळ नाही आणि चौकोनही नाही. कोपरे गोल केलेला, बाजूंना अगदी थोडा फुगवटा असलेला असा त्याचा आकार आहे. वर मी ‘ओ’विषयी जे सांगितले, ते येथे आठवून पाहावे. हा ‘ओ’ रेघेला एका बिंदूत टेकत नाही, तर बऱ्याच लांबीने टेकतो, त्यामुळे त्याला रेघेबाहेर काढण्याची फारशी गरज उरत नाही. पण मग अडचण कोपऱ्यांत येते. तेथे वळण फार घट्ट ठेवले, तर अक्षर लोखंडी चौकटीसारखे होते, आणि फार सैल केले, तर आकार ढासळतो. बाजू पूर्ण सरळ ठेवल्या, तर त्या आत खचल्यासारख्या दिसतात. म्हणून तो पुसटसा फुगवटा. पट्टी लावून पाहिल्याशिवाय तो लक्षातही येत नाही, आणि काढून टाकला तर अक्षर निर्जीव होते. माझ्या मते या वळणाचा प्राण त्या अर्ध्या केसाच्या फुगवट्यात आहे.

दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, नोव्हारेझे यांनी याच आकारावर लहान अक्षरांची जोड दिली आणि ‘एउरोस्तीले’ तयार झाले. दूरचित्रवाणीच्या पडद्याची, आगगाडीच्या खिडकीची आठवण करून देणारी ही अक्षरे यंत्रांच्या दर्शनी पट्ट्यांवर आणि तांत्रिक आराखड्यांवर पुढे अनेक दशके वापरली गेली. लहान अक्षरे जोडणे हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मोठ्या अक्षरांत चौकोनी पोटे मोजकीच असतात, पण लहान अक्षरांत ‘ए’, ‘बी’, ‘डी’, ‘ई’, ‘ओ’, ‘पी’, ‘क्यू’ अशी पोटांची रांगच लागते. एकच आकार इतक्या वेळा आला, की ओळ जाळीसारखी दिसू लागण्याचा धोका असतो.

नोव्हारेझे यांनी अक्षरांचा अभ्यासही नेटाने केला. खिळ्यांच्या वळणांचे दहा वर्गांत केलेले वर्गीकरण त्यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास मांडले, आणि १९६४ मध्ये तुरीनमधून ‘आल्फा-बेता’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७१ च्या ‘स्तोप’ या वळणात तर अक्षरांच्या कित्येक रेघा त्यांनी चक्क गाळल्या. अक्षराचा किती भाग नाहीसा केला तरी वाचणारा ते ओळखतो, याचा तो धीट शोध होता. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘फॉर्मा’ हे वळण मात्र वेगळ्या रीतीने झाले. त्यासाठी फ्रांको ग्रिन्यानी, ब्रूनो मुनारी, जांकार्लो इलिप्रांदी, पीनो तोव्हाल्या यांच्यासह अनेक रचनाकारांचा गट नोव्हारेझे यांच्याबरोबर बसला आणि एकेका अक्षरावर चर्चा करून निर्णय घेत गेला. ग्रिन्यानी आणि मुनारी यांची ओळख चित्रकार म्हणूनही आहे. १९३३ मध्ये ओतशाळेने एका चित्रकाराला आत बोलावले होते. आता तिने त्यांची समितीच बसवली.

प्रश्न : केवळ तीन वर्षांचे पद आणि एक ठळक वळण, एवढ्यावर दा मिलानो यांना अक्षरवळणकार म्हणणे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते योग्य आहे, आणि ‘नेऑन’ हे त्याचे एकमेव कारण नाही. ‘नेऑन’ आपल्या काळाचे चोख अपत्य आहे, पण ‘एउरोस्तीले’च्या पंक्तीला ते बसते असे मी म्हणणार नाही. दा मिलानो यांचे खरे काम त्या कक्षाची घडी बसवणे हे होते. अक्षराचा निर्णय ओतकामाच्या विभागात नव्हे तर रेखाटनाच्या मेजावर व्हायचा, आणि तो चित्र पाहणाऱ्या डोळ्याने व्हायचा, ही रीत तेथे रुजली. त्यांच्यानंतर बुत्ती आले, नोव्हारेझे आले, आणि नेबिओलोने नवी वळणे काढणे थांबवीपर्यंत ती रीत कोणी मोडली नाही.

ते थांबणेही अटळ होते. फोटोंच्या साहाय्याने अक्षरजुळणी करणारी यंत्रे आली आणि शिशाच्या खिळ्यांचे गिऱ्हाईक आटत गेले. नोव्हारेझे यांनी १९७५ मध्ये कंपनी सोडली आणि त्यापुढे स्वतंत्रपणे, परदेशी कंपन्यांसाठी काम केले. ‘नोव्हारेझे’ हे त्यांच्याच नावाचे वळण आणि बोदोनी यांच्या परंपरेतील ‘फेनिचे’ ही त्या काळातील. १९९५ मध्ये तुरीन येथे त्यांचे निधन झाले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस नेबिओलोत खिळे पाडणे बंद झाले, तेव्हा कलाकक्षाचे पहिले प्रमुख जूलिओ दा मिलानो ऐंशी वर्षे ओलांडून त्याच शहरात हयात होते.